निरर्थकाला किती गुण?

शहाड स्टेशनावर उतरून कॅम्प १ कडे चालत जाताना परवा एक पिवळसर कुत्रा आमच्या सोबतीला आला. आम्ही दोघे सहकारी, काखेत अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. त्याला देण्याजोगे आमच्यापाशी काहीच नव्हते. तरी त्याने पाठ सोडली नाही. जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या पायरीवर मात्र तो बसला. आतल्या वृद्ध सिंधी गृहस्थांनी "काही करत नाही तो, या सर," म्हणून आम्हांलाही बसवले. आत तबकडीवर 'ईना मीना डीका' वाजत होते.

आम्ही किंचित ओशाळलो. त्याच गठ्ठ्यातल्या एका विद्यार्थ्याने निरर्थ काव्यावरील प्रश्नाला उदाहरण म्हणून हेच गाणे घेतले होते, आणि आम्ही 'अप्रस्तुत' असा शेरा मारून त्याला दहापैकी दोन गुण दिले होते. अपेक्षित होत्या विंदा करंदीकरांच्या बालकविता.

हे गाणे 'आशा' (१९५७) या चित्रपटातले. किशोरकुमार आणि आशा भोसले या दोघांनी ते वेगवेगळे गायिले आहे. संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे, म्हणजेच सी. रामचंद्रांचे. संगीतकक्षाबाहेर खेळणाऱ्या मुलांच्या इंग्रजी मोजणीवरून मुखडा सुचला आणि जॉन गोम्स या गोव्याच्या साहाय्यकाने त्यात कोंकणी नकाराची भर घातली, असे सांगतात. ज्याला आपण अर्थशून्य म्हणतो, त्यात अशी कितीतरी भाषांची माती मिसळलेली असते. सी. रामचंद्रांचा गौरव करताना मात्र आपल्याला १९६३ चे ते देशभक्तिपर गीतच आठवते. हा थिल्लरपणा आपण त्यांना जणू माफ करून टाकलेला असतो.

कागदावर हे गाणे टिकत नाही, हा आक्षेप आमच्यापैकी एकाचा. आक्षेप खराच आहे. पण भोंडल्याची गाणी तरी फेराशिवाय कुठे टिकतात? ती आपण लोकसाहित्याच्या पेपरात मानाने शिकवतो. छापील पुस्तकातून आलेले निरर्थ ते साहित्य आणि तबकडीवरून आलेले ती करमणूक, हा भेद वाङ्मयीन नव्हे, निव्वळ सोयीचा आहे.

दुकानदार काका सांगू लागले. महायुद्धकाळातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले, एवढे आम्हांला ठाऊक होते. त्यांच्या आईची गोष्ट ठाऊक नव्हती. "ती शेवटपर्यंत सिंधीच बोलली. शेजारीण मराठी. दोघी नळावर हेच गाणं म्हणायच्या, सर. चूक कोण काढणार?"

भिंतीवरच्या एका जुन्या पाकिटावर ग्रामोफोनच्या कर्ण्याशी कान लावून बसलेला तो प्रसिद्ध कुत्रा होता. फ्रान्सिस बॅरो यांच्या चित्रातला हा निप्पर १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीकडे आला. धन्याचे शब्द त्याला कळत नाहीत. आवाज ओळखीचा आहे, म्हणून तो बसला आहे. पायरीवरचा कुत्रा मात्र एव्हाना झोपी गेला होता.

रात्री गठ्ठा पुन्हा सोडला. आमच्यापैकी एकाचे म्हणणे आठ गुण द्यावेत, दुसऱ्याचे चार. शेवटी सहा दिले. 'अप्रस्तुत' हा शेरा खोडला. त्याजागी काय लिहावे यावर एकमत होईना, म्हणून जागा कोरीच ठेवली.