भूत साभार परत

श्रावण लागला की आमच्या घरी भुतं यायला सुरुवात होते. पूर्वी ती पोस्टमन आणून द्यायचा. खाकी पाकिटातून यायची, आणि पुष्कळदा पाकिटाला तिकिटं अपुरी असायची; म्हणजे भूत सोडवून घ्यायला वर आमच्याच पदरचे पैसे जायचे. हल्ली ती मोबाइलवर येतात. 'सर, सोबत भयकथा जोडली आहे. कृपया रात्री एकट्याने वाचू नये,' असा खाली प्रेमळ इशारा असतो. मी ती रात्री एकट्यानेच वाचतो, कारण घरातल्या दुसऱ्या माणसाने ह्या कथा वाचायला साफ नकार दिलेला आहे. भीतीपोटी नव्हे. सौ. म्हणते, "त्यापेक्षा मी तांदूळ निवडते. त्यात खडा कुठे निघेल ते निदान आधी कळत नाही."

हे काम माझ्याकडे आलं १९८१ साली, तेही अपघातानेच. एका मासिकाच्या दिवाळी अंकात भयकथांचा विभाग असे. तो पाहणाऱ्या गृहस्थांना रक्तदाब सुरू झाला. मी भेटायला गेलो आणि सहानुभूतीने म्हटलं, "भयंकर भयंकर वाचून झालं असेल."

"वाचून नाही हो," ते क्षीण आवाजात म्हणाले, "परत पाठवून."

पुढे मला अनुभव आला. साभार परत आलेल्या भयकथेचा लेखक हे एक स्वतंत्र पिशाच्च आहे. ते भर दुपारी बाराला दारात उभं राहतं आणि 'माझ्या कथेत कमी काय होतं?' एवढं एकच विचारत राहतं. त्याच्यावर उतारा नाही.

कमी काय होतं म्हणता? काहीही कमी नसतं, हीच तर तक्रार आहे. ही कथा तुम्हीही वाचलेली आहे. नायक इंजिनीअर असतो. त्याची आडगावी बदली होते. तो शेवटच्या एस.टी.ने उतरतो आणि त्याला उतरवून एस.टी. जी सुसाट पळते ती अशी, की आमच्या महामंडळाच्या कुठल्याही गाडीने तसा वेग कधी पाहिलेला नाही. डाकबंगल्याचा चौकीदार रामू कंदील घेऊन पुढे होतो. त्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा असतो. तो इंजिनीअरला पिठलं-भाकरी करून वाढतो, अंथरूण घालून देतो. सकाळी चहाच्या टपरीवर इंजिनीअर रामूची तारीफ करतो, तर टपरीवाल्याच्या हातातली किटली खाली पडते. "रामू? साहेब, रामू तर पाच वर्षांपूर्वीच...!" समाप्त. ह्या रामूने माझ्या टेबलावर गेल्या चाळीस वर्षांत इतक्या वेळा प्राण सोडले आहेत, की त्याचं मासिक श्राद्ध घालायचं तरी मला रोज सुतक येईल.

बारीकसारीक तपशिलांबद्दल तर बोलूच नये. 'अमावास्येची ती काळरात्र होती. एवढ्यात चंद्र ढगाआड गेला.' हे एकाच लेखकाने एकाच परिच्छेदात लिहिलेलं मी छापखान्याच्या दारातून मागे आणलेलं आहे. उद्गारचिन्हांची तर अशी उधळण, की खिळे जुळवायच्या त्या दिवसांत आमचा कंपोझिटर एकदा हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "साहेब, केसमधली उद्गारचिन्हं संपली. उरलेल्या चार पानांत जरा कमी दचकायला सांगा."

आता माझे एक मित्र आहेत. स्वतः यशस्वी भयकथालेखक आहेत, त्यामुळे माझ्याशी भांडायला त्यांना वेळ असतो. त्यांचं म्हणणं असं : "तुम्ही उगाच नाकं मुरडता. १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायची सवय आहे. चिवड्याबरोबर त्याला खमंग काहीतरी हवं. भूत हवं, रक्त हवं, शेवटी धक्का हवा. भयकथा म्हणजे काय शोकसभा आहे?"

ह्या म्हणण्याशी माझं वैर आहे, आणि ते जाहीरपणे सांगावं म्हणूनच हा लेख. भूत आणि भीती ह्यांचा संबंध आहे असं धरून चालणं, ही आमच्या लेखकांची आणि त्याहून जास्त आम्हा संपादकांची अंधश्रद्धा आहे.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज ह्या इंग्रज लेखकाची माकडाच्या पंजाची गोष्ट घ्या. १९०२ सालची. घर घ्यायचं उरलेलं देणं फेडायला म्हातारा त्या मंतरलेल्या पंजाकडे दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून माणूस येतो : मुलगा यंत्रात सापडून गेला, कंपनी जबाबदारी मानत नाही, पण भरपाई म्हणून काही रक्कम देते आहे. किती? दोनशे पौंड. नंतर रात्री दारावर थाप पडते, आई कडी काढायला धावते आणि बाप अंधारात पंजा चाचपडत राहतो. दाराबाहेर काय उभं होतं ते जेकब्ज दाखवत नाही. शेवटपर्यंत नाही! आमच्या मित्राने लिहिली असती तर दार उघडून, आत घेऊन, दिवा लावून, जखमा मोजून दाखवल्या असत्या. मला विचाराल तर त्या गोष्टीतली खरी भीती दारावरच्या थापेतही नाही. ती भरपाईच्या आकड्यात आहे. ज्याने ज्याने म्हणून घराचा हप्ता फेडला आहे, त्याच्या पाठीतून ती सरसरत जाते.

एम. आर. जेम्स हे केंब्रिजचे मोठे पंडित, जुन्या हस्तलिखितांचे जाणकार. नाताळात मित्रांना जमवून स्वतः लिहिलेल्या भुताच्या गोष्टी वाचून दाखवायचे. त्यांचा पहिला संग्रह १९०४ सालचा. त्यांचं भूत म्हणजे चादरीची एक सुरकुती, उशीखाली हाताला लागलेलं काहीतरी. संयम हवा, असं ते सांगत. उलट १९५९ पासून हर्बर्ट व्हॅन थाल ह्यांनी संपादित केलेली पॅन प्रकाशनाची भयकथांची पुस्तकं पाहा. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून मी ती एकेक करून जमवली. सुरुवातीचे खंड वाचून रात्री उठून पाणी प्यायला भीती वाटायची. पुढे पुढे रक्त इतकं वाढत गेलं, की भीती जाऊन नुसती किळस उरली. आंबा पिळून पिळून शेवटी कोय हातात यावी तसं.

जाता जाता संपादकांचीही दशा सांगतो. आल्फ्रेड हिचकॉक ह्यांचं नाव आणि गुबगुबीत चेहरा वर छापलेले कितीतरी कथासंग्रह आपण वाचले. त्यांतल्या बऱ्याचशा संग्रहांची निवड प्रत्यक्षात रॉबर्ट ऑर्थर नावाचे लेखक करत होते. पडद्याआडून असं लिहून देणाऱ्याला इंग्रजीत भूतच म्हणतात. भयकथांच्या पुस्तकात एकच खरं भूत होतं आणि ते मुखपृष्ठावर नव्हतं. असो. आमचं तेवढंही भाग्य नाही. आमचं नाव छापतात, म्हणून शिव्या आमच्याच पत्त्यावर येतात.

आपल्याकडे हे कुणाला कळलंच नाही असं नाही. नारायण धारपांच्या (१९२५-२००८) कथांत संकट यायचं ते तुमच्याआमच्यासारख्याच्या घरात, पंख्याखाली. रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) तर आपल्या कथांना 'गूढकथा' म्हणत. भूत असो-नसो, माणसाच्या मनात डोकवायची सोय त्या शब्दात होती. २०१८ साली 'तुंबाड' चित्रपट आला. त्यामागे धारपांच्या एका कथेची प्रेरणा आहे, असं दिग्दर्शकांनी स्वतः सांगितलं आहे. त्यातला हस्तर भयानक दिसतो, कबूल. पण मला घाम फुटला तो बाप आपल्या कोवळ्या पोराला त्या विहिरीत उतरायची तालीम देतो तेव्हा. तो बाप मी पाहिलेला आहे. तुम्हीही पाहिला असेल.

पण माझं खरं भांडण कारागिरीचं नाही. आपल्या भुतांची यादी एकदा शांतपणे वाचा. हडळ कोण? बाळंतपणात गेलेली बाई. मुंजा कोण? मुंज होऊन सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोरगा. गिऱ्हा पाण्यात जीव गेलेल्याचा. ही आमच्याच गावातली माणसं. कुणाला वेळेवर सुईण मिळाली नाही, कुणाला औषध मिळालं नाही, कुणाला हात देणारं मिळालं नाही. जिवंतपणी आपण त्यांच्याकडे पाहिलं नाही. मेल्यावर त्यांना विंचरायला फणी नाही, उलटे पाय आणि लाल डोळे दिले, आणि फराळाच्या ताटासमोर नाचायला बसवलं. वर म्हणायचं, वाचकाला हवंय.

हे मी दुसऱ्याला सुनावतो आहे असं समजू नका. १९७६ साली माझी पहिली भयकथा छापून आली. 'परसातली विहीर' असं नाव होतं. आमच्या कोकणातल्या घरामागे विहीर होती आणि वडिलांच्या एका विधवा आत्याने तिच्यात जीव दिला, एवढं मी लहानपणापासून ऐकून होतो. मी तिची झकास हडळ केली. पावसाळी रात्र, विहिरीच्या काठावर पांढरं लुगडं, वाऱ्यावर मोकळे सुटलेले लांबसडक केस, गडगडाटी हसू. पंचवीस रुपये मानधन आलं. मी अंक आणि पेढे घेऊन आईपुढे गेलो. आईने चष्मा लावून कथा सावकाश वाचली. पेढा तसाच राहिला.

"केस कुठले रे सोडेल ती?" आई म्हणाली. "तिला केस ठेवले होते का?"

मी गप्प झालो.

"मी लग्न होऊन आले तेव्हा त्या होत्या," आई सांगू लागली. "मोठ्याने हसायचं सोड, मी त्यांचा आवाज चार वेळा ऐकला असेल. पावलं वाजली तरी दचकायच्या. त्या कुणाला रे घाबरवणार? जन्मभर त्याच घाबरलेल्या. गेल्या त्या दिवशी सकाळी घरात कुणी रडलं नाही. आता विहीर उपसायची कुणी, आणि तोवर पिण्याचं पाणी कुठून आणायचं, ह्यावर पुरुषमंडळी ओटीवर बसून तासभर बोलत होती. मी चहा देत होते." मग अंक मिटून माझ्या हातात देत म्हणाली, "लिहायचंच तर ते लिही."

माझ्या लेखनाचं एवढं कडक संपादन पुढे कुणी केलं नाही. ती कथा मी संग्रहात कधी घेतली नाही. आई म्हणाली ती लिहायला मात्र पाच-सहा वेळा बसलो. प्रत्येक वेळी ओटीवरच्या त्या बोलण्यापर्यंत येतो आणि पेन थांबतं. कारण त्या ओटीवर बसलेल्यांत माझे आजोबा होते, आणि त्यांनी मला खांद्यावर घेऊन देवळात नेलेलं आठवतं. रामू चौकीदाराला मारणं सोपं असतं हो. त्याला आपण ओळखत नसतो.

तेव्हा लेखकहो, आणि विशेषतः माझ्या संपादक बंधूंनो, एवढं एकच मागणं आहे. भूत आणू नका असं मी म्हणत नाही. खुशाल आणा. पण आणण्यापूर्वी त्याची विचारपूस करा. बाई तू कोण, कुणाची, कशाने गेलीस, आणि तेव्हा घरातले काय करत होते? ह्या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली, तर पुष्कळदा भुताची गरजच राहत नाही. आणि राहिली, तर ते भूत दिवाळी उलटून तुळशीचं लग्न लागलं तरी वाचकाच्या डोक्यातून उतरत नाही. रक्ताचा एक थेंब लागत नाही. उद्गारचिन्हांचीही बचत होते.

यंदा मी हा प्रयोग केला. एका तरुण लेखकाची कथा आली. तीच बदली, तोच डाकबंगला, तोच रामू. मी उलट उत्तर पाठवलं : 'आपले भूत साभार परत. चौकीदार ठेवून घेतला आहे. त्यास पगार किती होता, घरी कोण होते व तो कशाने वारला, हे कळवावे.' मला वाटलं, आता हा दुपारी बाराला दारात येणार.

आठ दिवसांनी उत्तर आलं. 'सर, रामू माझे आजोबा होते. हे कुणी विचारलंच नव्हतं.' खाली चार पानं. बंगल्याचं छप्पर गळत होतं. साहेब येणार म्हणून भर पावसात त्यांना कौलं चढवायला लावलं होतं. साहेब आलेच नाहीत. चार पानांत अमावास्या नाही, कुत्रं रडत नाही, कुणाची किटली पडत नाही.

मी ती मोठ्याने वाचत होतो. तांदळाचं ताट बाजूला सारल्याचा आवाज आला.

"मग?" सौ.ने विचारलं. "त्यांच्या बायकोला काही दिलं का रे त्या लोकांनी?"