गाणं पाठ, गायक अनोळखी

१४ एप्रिलला प्रकाशात, शहाद्यात, नंदुरबारात कुठेही जा. मिरवणुकीत डीजे लागलेला असतो, पोरं घामाघूम होऊन नाचत असतात आणि एकेक भीमगीत सगळ्यांना तोंडपाठ असतं. कुठला ठेका कधी पडणार, कुठल्या ओळीला हात वर करायचे, हे कुणाला शिकवावं लागत नाही. आता त्याच गर्दीतल्या चार जणांना विचारा, ‘हे गाणं लिहिलं कुणी? पहिल्यांदा गायलं कुणी?’ बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘माहीत नाही, यूट्यूबवर आहे ना!’

गाणं यूट्यूबवर आहे, पण माणूस तिथे आहे का? डीजेवाल्याच्या नावाने अपलोड झालेलं, बेस वाढवलेलं रिमिक्स आपण ऐकतो. खाली डिस्क्रिप्शनमध्ये मोबाईल नंबर डीजेवाल्याचा, ऑर्डरसाठी. गीतकार आणि गायकाचं नाव मात्र बऱ्याचदा नसतंच. ‘त्यात काय एवढं, गाणं वाजतंय ना,’ असं वाटू शकतं. पण ज्येष्ठ लोककलावंतांच्या बाबतीत नाव नसण्याचा संबंध थेट त्यांच्या महिन्याच्या खर्चाशी येतो.

जमैकात काय झालं?

आधी जरा लांबचं उदाहरण घेऊ. रेगे म्हटलं की आपल्याला एकच चेहरा आठवतो, बॉब मार्ली. त्याचा फोटो असलेला टी-शर्ट आपल्या आठवडी बाजारातही मिळतो. मार्ली १९८१ मध्ये अवघ्या ३६ व्या वर्षी गेला. त्याच्यासोबतचे आणि त्याच्या आधीचे कितीतरी गायक पुढे चाळीस चाळीस वर्षं गात राहिले, पण जगाने त्यांना टी-शर्टवर छापलं नाही.

टूट्स हिबर्ट हे त्यातलं मोठं नाव. ‘रेगे’ हा शब्द गाण्याच्या नावात आणला तो त्याच्या ग्रुपने, १९६८ मध्ये. म्हणजे ज्या संगीतप्रकाराला जग रेगे म्हणतं, त्याच्या बारशाला हा माणूस हजर होता. सप्टेंबर २०२० मध्ये तो गेला. त्याच्या शेवटच्या अल्बमला ग्रॅमी मिळालं मार्च २०२१ मध्ये, घ्यायला तो नव्हता. २४ नोव्हेंबर २०२५ रोजी जिमी क्लिफही गेला. त्याने नायकाची भूमिका केलेला १९७२ चा ‘द हार्डर दे कम’ हा सिनेमा याच दुखण्यावर बोट ठेवतो. खेड्यातून शहरात आलेला एक पोरगा गाणं रेकॉर्ड करतो, निर्माता त्याच्या हातावर वीस डॉलर टेकवतो आणि गाण्याचा मालक होतो. गाणं हिट होतं, गायक कफल्लकच राहतो.

युनेस्कोने २०१८ मध्ये रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. वारशाला मान मिळाला, चांगलंच झालं. पण वारसा ज्यांनी उभा केला, त्यातले अनेक जण तोपर्यंत वीस डॉलरच्याच हिशोबात निघून गेले होते.

आपल्याकडचा हिशोब

आता हेच चित्र महाराष्ट्रात आणा. रेगेसारखंच, तळातल्या माणसाने स्वतःच्या हक्कासाठी गायलेलं संगीत आपल्याकडे कुठलं? माझ्या मते पहिलं नाव आंबेडकरी जलशाचं आणि भीमगीतांचं. बाबासाहेबांच्या दहा भाषणांचं काम एक जलसा करतो, असं त्यांचंच मत असल्याचं नेहमी सांगितलं जातं. ज्या काळात लिहिता-वाचता येणारे थोडे होते, त्या काळात विचार वस्तीवस्तीत पोचला तो ढोलकी आणि पेटीवर.

वामनदादा कर्डक हे त्या परंपरेतलं सगळ्यात मोठं नाव. जन्म १५ ऑगस्ट १९२२, नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचा. बालपणी शाळा नशिबात नव्हती. मुंबईत कामगार वस्तीत, मोठेपणी अक्षरओळख झाली. १९४३ पासून गाणी लिहायला लागले आणि मग थांबलेच नाहीत. त्यांच्या गाण्यांचा आकडा दहा हजारांच्या घरात सांगितला जातो. त्यातली छापली गेली थोडी. बाकीची कुणाच्या वहीत, कुणाच्या कॅसेटवर, कुणाच्या डोक्यात. १५ मे २००४ रोजी वामनदादा गेले. २०२२ हे त्यांचं जन्मशताब्दी वर्ष होतं. तुमच्या कॉलेजात त्यानिमित्त काही झाल्याचं आठवतं का?

त्याच २००४ सालच्या जूनमध्ये प्रल्हाद शिंदे गेले. हे नाव नवीन वाटत असेल तर एवढंच सांगतो, पंढरीच्या वाटेवरचं जे गाणं आषाढीला प्रत्येक चौकात वाजतं, तो आवाज त्यांचा. विठ्ठलाची गाणी त्यांची, भीमगीतं त्यांची, कव्वालीही त्यांची. आनंद शिंदे त्यांचे चिरंजीव आणि आदर्श शिंदे नातू, हे सांगितलं की मग पोरांची ट्यूब पेटते. नातवामुळे आजोबा ओळखू येतात, हे आपल्या ओळखीचं खरं वय आहे!

विठाबाई नारायणगावकरांचं उदाहरण तर शाळेतल्या मुलालाही माहीत असायला हवं. तमाशासम्राज्ञी म्हणून त्यांनी महाराष्ट्र गाजवला, राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला आणि २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा दवाखान्याच्या बिलासाठी लोकांना पैसे गोळा करावे लागले. पुढे सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण यांना पद्मश्री जाहीर झाली जानेवारी २०२२ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी. त्याच वर्षी १० डिसेंबरला त्यांचं निधन झालं. म्हणजे साठेक वर्षं लोकांनी डोक्यावर घेतलेल्या आवाजाला देशाचा सन्मान अंगावर मिरवायला एक वर्षही मिळालं नाही.

नाव हाच पुरावा

‘पुरस्काराचं काय घेऊन बसलात, लोकांचं प्रेम मिळालं ना,’ असं म्हणणारे भेटतात. प्रेम मिळालंच. पण प्रेमावर औषधं येत नाहीत.

राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. आधी कलावंतांचे अ, ब, क असे वर्ग होते आणि वर्गाप्रमाणे रक्कम कमी-जास्त असायची. २०२४ पासून सरसकट महिन्याला ५,००० रुपये झाले. वयाची आणि उत्पन्नाची अट आहे. शिवाय कलेत काम केल्याचे पुरावे लागतात, म्हणजे प्रमाणपत्रं, कार्यक्रमांची कात्रणं, फोटो.

गोची इथेच होते. ज्या माणसाने चाळीस वर्षं गावोगावच्या मांडवात, रात्र रात्र जागून गायलं, त्याला प्रमाणपत्र कुणी दिलं असेल? कॅसेटच्या कव्हरवर कंपनीचं नाव मोठं, गायकाचं बारीक आणि साथीदारांचं कुठेच नाही. पेपरात ‘कार्यक्रम उत्साहात संपन्न’ एवढंच छापून आलेलं. शेवटच्या पॅरात प्रमुख पाहुण्यांची सगळी नावं असतात. गाणाऱ्यांसाठी एकच वाक्य, ‘कलाकारांनी गीते सादर केली.’ बातम्या लिहायला शिकणारा म्हणून सांगतो, हे वाक्य फार सोपं आहे. पण ते लिहिताना कुणाच्या तरी मानधनाच्या फाईलमधला एक कागद आपण कमी करत असतो.

कायदा कागदावर तरी कलावंताच्या बाजूने आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला आणि व्यावसायिक वापर झाला तर गायकांनाही रॉयल्टी मिळावी, अशी तरतूद आली. गीतकाराचा कॉपीराइट त्याच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. २००४ मध्ये गेलेल्या गीतकाराच्या बाबतीत हा काळ २०६४ पर्यंत जातो. पण रॉयल्टी द्यायची तर कुणाला, हे आधी लिहिलेलं हवं ना? गाण्यावर नावच नसेल, तर कायदा कुणाचा पत्ता शोधणार? त्यात कॅसेटच्या जमान्यात अनेक लोकगायकांना एका रेकॉर्डिंगचे एकदाच पैसे मिळायचे. जमैकातल्या वीस डॉलरची मराठी आवृत्तीच ती.

प्रकाशाचं काय?

प्रकाशाला दक्षिण काशी म्हणतात. तापी-गोमाईचा संगम आहे, केदारेश्वर आहे. पण या गावाचं आणखी एक मोठेपण आहे. १९५५ च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व खात्याने इथल्या टेकाडावर उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीच्या खुणा सापडल्या. हजारो वर्षांपूर्वीच्या मडक्यांचे तुकडे वेचले गेले, मोजले गेले, त्यांची चित्रं काढून अहवालात छापली गेली. म्हणजे इथल्या फुटक्या खापराचीही नोंद आहे. त्याच १९५५ मध्ये या परिसरात गाणाऱ्या माणसाची नोंद मात्र शोधावी लागेल.

आणि गाणारे कमी नव्हते. आखाजीला झोक्यावरची गाणी, श्रावणात कानबाईची गाणी, देवळातली भजनी मंडळं, सातपुड्यातल्या होळीचे ढोल, भिल्ल आणि पावरा वस्त्यांतली रात्रभर चालणारी गाणी. शहाद्याच्या आदिवासी चळवळीतले अंबरसिंग महाराज भजनी मंडळांतून लोक जोडत गेले. त्याच चळवळीतून कवी वाहरू सोनवणे पुढे आले. त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेचा विषयच आहे, ज्यांचं दुःख त्यांना व्यासपीठावर जागा नाही.

उलट बाजूही बघायला हवी. आजच्या अहिराणी गाण्यांनी हे चित्र थोडं बदललंय. झुमक्यावाल्या पोरीच्या गाण्याने कोट्यवधी व्ह्यूज मिळवले आणि खान्देशाबाहेरची पोरंही त्यावर नाचली. चॅनल स्वतःचं असल्यामुळे गायक, गीतकार, संगीत अशी सगळ्यांची नावं गाण्यासोबत जातात. डीजेलाही सरसकट शिव्या घालण्यात अर्थ नाही. जुनी भीमगीतं अठरा वर्षांच्या पोरापर्यंत पोचली ती डीजेमुळेच. ठेका बदला, बेस वाढवा, फक्त नाव पुसू नका.

आपल्या हातात काय?

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी ताम्रपट, शिलालेख, जुने ग्रंथ पुढे ठेवले गेले. गायलेली मराठी ना दगडावर कोरलेली, ना पोथीत लिहिलेली. ती माणसासोबत जाते. आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षं खपून २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पूर्ण केला नसता, तर त्यातले किती आवाज आपल्यापर्यंत आलेच नसते.

आपल्याला चौदा वर्षं द्यायची गरज नाही. प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर गावात लागतंच. त्यातली एक संध्याकाळ गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या गाणाऱ्या बाबाकडे किंवा आजीकडे घालवा. आधी त्यांची परवानगी घ्या. गाणं रेकॉर्ड करा आणि सोबत सहा गोष्टी लिहा : नाव, गाव, वय, गाणं कुणाकडून शिकले, कुठे कुठे गायले आणि साथीला कोण होतं. एक प्रत कॉलेजच्या लायब्ररीत द्या, एक त्या कलावंताच्या घरी. कॉलेजच्या कार्यक्रमात ते गायले असतील तर प्राचार्यांच्या सहीचं प्रमाणपत्र आठवणीने द्या. मानधनाचा अर्ज भरताना तोच कागद कामाला येईल. अर्जही आपणच बसून भरून दिला तर आणखी चांगलं.

आणि रील टाकताना खाली एक ओळ लिहा : गीतकार कोण, गायक कोण. माहीत नसेल तर कमेंटमध्ये विचारा, गावातलं कुणीतरी नक्की सांगेल. पुढच्या १४ एप्रिलला मिरवणूक निघेल तेव्हा डीजेवाल्या भाऊलाही एकदा सांगून बघा, ‘गाणं लावायच्या आधी माईकवर नाव घे ना.’ पाच सेकंद लागतात.