नायलॉनची बुश

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. आमची गाडी मात्र अजून धावते. मध्यंतरी तिच्या गिअरच्या दांड्याखालची प्लास्टिकची बुश झिजली आणि गिअर सापडेनासा झाला. बोटाच्या पेराएवढा तुकडा, पण दुकानांत मिळेना. अखेर एका लेथवाल्याने नायलॉनचा रॉड कातून नवी बुश घडवली. झिजलेल्या तुकड्यावरून मूळ माप कळत नाही, म्हणून त्याने ती ज्या पिनेवर बसते ती पिन मोजली. आम्ही पितळेची बुश सुचवली, तेव्हा म्हणाला, "झिजायचे तर बुशीने झिजावे, पिन वाचली पाहिजे."

याला आपण सहज 'जुगाड' म्हणतो. आम्हांला हा शब्द अन्यायकारक वाटतो. जुगाडात वेळ मारून नेणे असते. येथे हरवलेल्या भागाचे कार्य उरलेल्या रचनेवरून वाचले गेले. खंडित पोथीचा संपादक तरी याहून वेगळे काय करतो? मर्यादेचे भानही तेच : ब्रेकच्या भागाला हात घालायला त्याने साफ नकार दिला. वर्गात सूक्ष्म वाचन शिकवणाऱ्या आम्हांला ते लेथवर ओळखायला इतकी वर्षे लागली, याचीच खंत वाटते.