पर्समधलं अर्धा किलो

दागिन्यांच्या डबीत रिव्हॉल्व्हर! खोटं नाही. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने ‘खास महिलांसाठी’ म्हणून ‘निर्भीक’ बाजारात आणलं, ते मरून रंगाच्या ज्वेलरी बॉक्ससारख्या पेटीत घालून. टायटॅनियमचा मिश्रधातू, .३२ बोअर, सहा गोळ्या, वजन सुमारे अर्धा किलो आणि किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. नाव अर्थातच दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर सगळ्यांच्या तोंडी बसलेल्या ‘निर्भया’वरून. आधी आमच्यासाठी गुलाबी स्कूटर निघाली, मग गुलाबी रेझर निघाला. तेव्हा हेही होणारच होतं म्हणा.

आता हा विषय काढायचं कारण. आमच्या ग्रुपमधली एक जण हिंजवडीत नोकरी करते, शिफ्ट संपते रात्री दीडला. आधीच्या ऑफिसमधला एक जण वर्षभर तिच्या मागावर आहे. तिने पोलिसांत तक्रार केली, त्यांनी त्याला बोलावून समज दिली. पंधरा दिवस शांततेत गेले. मग पुन्हा सोसायटीच्या गेटसमोर तीच बाइक. तिने मला फोन केला आणि नवा मोबाइल घेताना विचारावं तसं विचारलं, “पर्समध्ये बसेल असं छोटं रिव्हॉल्व्हर कुठलं चांगलं गं?”

मग मी बसले वाचत. नेटवर शोधाल तर सगळं अमेरिकेतलं सापडतं. तिथे स्मिथ अँड वेसनने १९५० मध्ये ‘चीफ्स स्पेशल’ नावाचं पाच गोळ्यांचं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर काढलं. तेव्हापासून ‘खिशातलं रिव्हॉल्व्हर’ म्हणजे साधारण तसंच, हे ठरून गेलं. ते सगळं आपल्या उपयोगाचं नाही. नेमबाज खेळाडू सोडले तर आपल्याकडे सामान्य माणसाला बाहेरून शस्त्र मागवता येत नाही. देशी दुकानात निवड मोजकीच. ‘निर्भीक’ आहे. इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीचं .२२ चं, जेमतेम पाव किलोचं ‘निडर’ आहे. आणि २०२३ मध्ये कानपूरहूनच आलेलं .३२ चं ‘प्रबल’ आहे, रिकामं असताना पाऊण किलोच्या थोडं आत. ‘प्रबल’चं सिलिंडर बाजूला उघडतं. जुन्या पद्धतीची रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून काडतुसं भरावी लागायची.

हलकं ते चांगलं, असं आपल्याला लॅपटॉपमुळे वाटायला लागलंय. इथे उलटंही होतं. शस्त्र जितकं हलकं, तितका गोळी सुटतानाचा दणका मनगटाला जास्त. नळी आखूड असेल तर नेमही पटकन चुकतो. पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर सोपं म्हणतात ते खरं आहे. एखादं काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं समोर येतं. पण घोडा आधी मागे न ओढता थेट चाप ओढायचा तर बोटाला चार-पाच किलोंचा जोर लागतो. म्हणून डबी बघून घेऊ नये. दुकानात हातात धरावं, तर्जनी चापावर नीट पोचते का ते बघावं, दुकानदाराच्या परवानगीने रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढून पाहावा. आणि पर्सचं काय? किल्ल्या, लिपस्टिक, चार्जरची वायर यांच्या गर्दीत बाहेर आलेला घोडा हमखास अडकणार. ते ठेवायला स्वतंत्र कप्पा आणि चाप झाकणारं कव्हर हवंच. एरवी कॅबवाल्याला द्यायला सुटे पैसे शोधताना आपल्याला किती वेळ लागतो ते आठवा!

हे झालं खरेदीचं. त्याआधी परवाना. वय २१ पूर्ण हवं. पुण्या-मुंबईत अर्ज पोलिस आयुक्तालयात करायचा. पोलिस पडताळणी होते. २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, घरी ते कुठे आणि कसं कुलूपबंद ठेवणार हे लिहून द्यावं लागतं. मुख्य म्हणजे ‘मला भीती वाटते’ एवढं पुरत नाही, भीतीचं कारण कागदावर दिसावं लागतं. मैत्रिणीची ती तक्रार इथे कामाची. तोंडी समजेवर भागवायला नको होतं असं मी तिला म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, “ठाण्यात मला हेच सुचवलं होतं. करिअरचा प्रश्न आहे म्हणाले. त्याच्या.”

समजा मिळाला परवाना. आता तिचा दिवस बघा. दुपारी चारला कंपनीची कॅब. ऑफिसच्या गेटवर बॅग स्कॅनरमधून जाते, तिथे रिव्हॉल्व्हर आत नेऊ देणारी कंपनी मला तरी माहीत नाही. मॉलमध्ये तेच, मेट्रोत तेच. म्हणजे रात्री दीड वाजता ज्या रस्त्यासाठी ते घ्यायचं, त्याच रस्त्यावर ते तिच्याजवळ नसणार. घरी कपाटात असणार. २०१४ मध्ये त्या मरून पेटीवर एवढी चर्चा झाली, पण ऑफिसला जाणारी बाई ते ठेवणार कुठे हा प्रश्न माझ्या तरी कानावर आला नव्हता.

कायदा तिच्या बाजूने आहे, नाही असं नाही. भारतीय न्याय संहितेतली ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाचा हक्क देतात. बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिडहल्ला, जिवाची भीती असेल तर समोरच्याचा जीव गेला तरी तो हक्क टिकतो. पण धोका असेपर्यंतच. तो पाठ फिरवून पळाला की हक्क संपला. गेटसमोर नुसता बाइकवर बसून बघत राहणाऱ्यावर तर तो लागूच होत नाही. त्यासाठी आहे ७८ वं कलम, पाठलागाचं. पहिल्या वेळी जामीन मिळतो, एकदा दोषी ठरून पुन्हा केलं तर तो गुन्हा अजामीनपात्र होतो.

हे सगळं मी तिला लिहून पाठवलं. घ्यायचंच असेल तर जरा जड घे, ‘निर्भीक’च्या डबीला भुलू नकोस, आणि त्याआधी ७८ खाली लेखी तक्रार कर, एफआयआरची प्रत हातात घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नकोस. तिने सोमवारी सुट्टी टाकलीय. मी बरोबर जातेय.