मोबाईलची घंटी आणि क्षयाची गोळी

शाळेत असताना ‘विज्ञान : शाप की वरदान?’ या विषयावर मी निदान चार वेळा निबंध लिहिला असेल. शेवटी ‘विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे, ते कोणाच्या हाती आहे यावर सारे अवलंबून’ असे वाक्य टाकले की दहापैकी सात गुण ठरलेले. त्या वाक्याचा अर्थ मात्र मला गेल्या वर्षी कळला, आणि तो कळायला माझ्या मायचे दुखणे कारण झाले.

माझे गाव मूर्तिजापूर तालुक्यातले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील अकोल्याच्या बाजारात हमाली करतात, आठवड्याने घरी येतात. माय दुसऱ्याच्या वावरात मजुरीने जाते. गेल्या वर्षी पावसाळ्यात तिला खोकला लागला तो हटेना. संध्याकाळी अंगात बारीक ताप, लुगड्याच्या गाठीतून कंबर निसटावी इतके उतरलेले अंग. थुंकी तपासली आणि क्षयाचे निदान झाले. पोळ्याच्या सुमारास सरकारी गोळ्या सुरू झाल्या. फुकट, सहा महिन्यांच्या. कागदावर मोबाईल नंबर लिहायचा होता. घरात मोबाईल दोन. वडिलांचा साधा, तो त्यांच्यासोबत अकोल्याला. दुसरा माझ्या शिक्षणासाठी घेतलेला. वडिलांनी माझाच नंबर दिला. “पोरगा शिकेल आहे, तो बोलन बराबर,” असे ते म्हणाले. म्हणजे रोगी गावात आणि तिचा फोन अमरावतीत माझ्या खिशात!

क्षयाच्या उपचारात मोबाईलचा वापर करावा, असे आज सर्वत्र बोलले जाते. मीही त्याच मताचा आहे. पण हा फोन कोणाचा, आणि तो वाजल्यावर पुढे कोण काय करतो, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत असे माझे नम्र मत आहे.

मित्रहो, या रोगाला आपल्या पूर्वजांनी राजयक्ष्मा म्हटले. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे या रोगाचा जंतू जगापुढे मांडला. पण जंतू सापडला म्हणजे औषध सापडले असे नव्हे. अमेरिकेत शिकून डॉक्टर झालेल्या आपल्या आनंदीबाई जोशी १८८७ च्या फेब्रुवारीत याच रोगाने पुण्यात गेल्या, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. स्ट्रेप्टोमायसीन हे पहिले प्रभावी औषध हाती यायला १९४३ साल उजाडावे लागले.

पुढे १९५६ साली मद्रासला एक महत्त्वाचा प्रयोग सुरू झाला. काही रोग्यांना आरोग्यधामात खाट, विश्रांती आणि चांगला आहार देऊन औषध दिले, तर काहींना त्यांच्या गरीब वस्तीतल्या घरीच ठेवून तेच औषध दिले. वर्षभराने दोन्हीकडचे रोगी जवळजवळ सारख्याच प्रमाणात बरे झालेले दिसले. खाटेपेक्षा औषध मोठे ठरले. पण त्याबरोबर एक नवी जबाबदारी आली. घरी राहणारा रोगी रोज औषध घेतो की नाही, हे पाहणार कोण?

हा प्रश्न साधा नाही. क्षयाचे जंतू सावकाश वाढतात आणि त्यांतले काही शरीरात सुस्त पडून राहतात. पहिल्या दोन महिन्यांत चार औषधे एकत्र देऊन बहुतेक जंतू मारले जातात. खोकला थांबतो, भूक लागते, माणूस कामाला लागतो. पण उरलेल्या जंतूंसाठी आणखी चार महिने औषध घ्यावे लागते. ते मधेच सोडले तर रोग उलटतो, आणि मागे राहिलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. मग उपचार अधिक अवघड आणि औषधे अधिक जाचक होतात. म्हणजे माणसाला बरे वाटू लागते तोच खरा धोक्याचा काळ.

यावर ‘डॉट्स’ ही पद्धत आली. आपल्या देशात १९९३ मध्ये तिचा प्रयोग सुरू झाला आणि २००६ पर्यंत ती साऱ्या देशात पोहोचली. कोणीतरी डोळ्यांसमोर गोळी गिळायला लावायची, हे तिचे मर्म. तिने असंख्य जीव वाचवले हे नाकारण्याचे कारण नाही. पण मजुरी करणाऱ्या बाईने गोळीसाठी केंद्रावर जायचे म्हणजे रोज बुडणार आणि गावभर बोभाटाही होणार. ज्या घरात लग्नाची पोरगी आहे त्या घराला हा बोभाटा परवडत नाही. माझी धाकटी बहीण सतरा वर्षांची आहे, म्हणून हे मी ऐकीव सांगत नाही.

येथे मोबाईल मदतीला धावला. मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन केंद्रात ‘९९ डॉट्स’ नावाची एक युक्ती निघाली. गोळ्यांच्या पाकिटाला एक कागदी वेष्टन असते. गोळी बाहेर काढली की तिच्यामागे लपलेला फोन नंबर दिसतो. रोग्याने त्या नंबरावर फुकटचा फोन करायचा. कोणत्या दिवशी कोणता नंबर निघेल हे आधी ठाऊक नसते, म्हणून फोन आला म्हणजे गोळी निघाली, असा हिशेब. मिस्ड कॉल देण्यात आपला देश जगात कोणाला हार जाणार नाही! आपल्या अंगच्या या सवयीचा औषधासाठी उपयोग करावा, ही कल्पना मला फार आवडली. तिने रोग्यावर विश्वास टाकला, त्याचा रोज वाचवला आणि त्याचे गुपित राखले.

पण फोन आला म्हणजे गोळी पोटात गेली काय? चेन्नई, वेल्लोर आणि मुंबई येथे संशोधकांनी अवचित रोग्यांच्या घरी जाऊन लघवी तपासली. त्यातून औषधाचा अंश कळतो. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. कित्येकांनी गोळी घेतली होती, पण फोन केला नव्हता. आणि काहींच्या नावापुढे गोळी घेतल्याची नोंद होती, पण लघवीत औषध नव्हते.

हे वाचून मी खजील झालो, कारण मला शहाण्यांच्या अभ्यासाची गरज नव्हती. मायच्या उपचारात ही वेष्टनाची युक्ती नव्हती. फक्त माझ्या फोनवर अधूनमधून विचारणा होई. “पेशंट गोळ्या वेळेवर घेतात ना?” मी कधी वर्गाच्या दारात, कधी खानावळीच्या रांगेत उभा असे. “हो, घेतात,” म्हणून फोन ठेवत असे. मायला न विचारता. शेजारच्या काकांच्या फोनवर तिच्याशी बोलायला मला आठ-आठ दिवस सवड होत नसे. नोंदीत माझी माय आदर्श रोगी होती.

दिवाळीनंतर कापसाची वेचणी ऐन भरात आली, तेव्हा गावातल्या आशाताई सहज म्हणून घरी गेल्या. कोनाड्यात पिठाच्या डब्यामागे गोळ्यांची पाकिटे तशीच पडलेली. तीन आठवड्यांची! मायचे उत्तर सरळ होते. “मले आता खोकला नाही रायला, मंग गोया कायले खाऊ? उपाशीपोटी घेतली का मयमयते, मंग वावरात कापूस कोन वेचन?” आशाताई रागावल्या नाहीत. त्या चुलीपाशी बसल्या, भाकरी खाल्ल्यावर रात्री गोळी घेतली तर चालेल का हे त्यांनी डॉक्टरांना विचारून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी मायला दवाखान्यात नेले. तपासणी झाली, बुडालेल्या दिवसांची भरपाई लावून दिली. उपचार लांबला, पण पुरा झाला. माय आज बरी आहे. यात माझ्या स्मार्टफोनचा वाटा किती? शून्य. उलट त्याने खोटी साक्ष दिली, आणि ती माझ्याच तोंडून.

तेव्हा मोबाईल फेकून द्यावा काय? मुळीच नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असे होऊ नये एवढेच माझे म्हणणे. आपल्या वऱ्हाडातच पाहा. कित्येक घरांत बाईच्या नावाचा फोन नाही. तो नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या खिशात असतो. लेखी संदेश आला तरी तो वाचणार कोण? धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरात आजही रेंज शोधायला टेकडी चढावी लागते अशी गावे आहेत, आणि तेथे घरात बोलली जाते ती कोरकू. शिवाय घंटी कितीही वाजली तरी गोळी तर हाताशी हवी! २०२४ च्या मार्चमध्ये औषधांच्या तुटवड्याच्या बातम्या येत होत्या आणि केंद्र सरकारने राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगितले होते. अशा वेळी आठवण करून देणारे यंत्र काय करणार?

म्हणून मला सुचते ते असे. नंबर लिहून घेताना ‘हा फोन रात्री कोणाच्या उशाशी असतो?’ हे विचारावे. रोग्याच्या संमतीने दुसरा एक नंबर घ्यावा. लेखी संदेशाऐवजी बोलका निरोप द्यावा, तोही वऱ्हाडीत, कोरकूत. ‘गोळी घेतली का?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येते. त्याऐवजी ‘गोळी घेतल्यावर कसं वाटते?’ असे विचारावे. आणि मुख्य म्हणजे दोन दिवस खाडा दिसला की कोणीतरी माणूस घरी जावा. यंत्राने शंभर घरांतून अडलेली पाच घरे शोधून द्यावीत, म्हणजे आशाताईंचे पाय त्या पाच घरांकडे वळतील. यंत्राचे खरे काम हे आहे. आशाताईंना त्यासाठी योग्य मोबदला आणि सवड मिळाली पाहिजे, हे सांगायला नकोच.

आपल्या देशाने २०२५ पर्यंत क्षय संपवण्याचे ठरवले होते. ते साल सरले, क्षय सरला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१५ मध्ये आपल्याकडे लाख लोकांमागे वर्षाला २३७ जणांना हा रोग होत होता, तो आकडा २०२३ मध्ये १९५ वर आला. ही घट लहान नाही, पण पुरेशीही नाही.

आपण विद्यार्थी काय करू शकतो? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी खेड्यात जातो, रस्ता झाडतो, फोटो काढतो. २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ योजनेत व्यक्ती किंवा संस्था रोग्यांना आहाराची मदत देऊ शकतात. आपल्या महाविद्यालयाने हे काम का घेऊ नये? याच अमरावतीत तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी ज्यांना समाजाने दूर लोटले त्या कुष्ठरोग्यांना जवळ केले. त्यांच्याजवळ मोबाईल नव्हता.

गुरुजनांना आणि मित्रमैत्रिणींना माझी एवढीच विनंती, की आपापल्या गावाकडे लावलेल्या पुढच्या फोनवर ‘सारं ठीक ना?’ असे विचारून मोकळे होऊ नका. मी तसे केले होते. आता मी दर शनिवारी संध्याकाळच्या गाडीने घरी जातो, आणि मायसाठी एक साधा फोन घेतला आहे. तो तिच्या उशाशी असतो.