पापाची पावती आणि शकुंतलेचे रूळ

वातावरणाच्या पापाचे प्रायश्चित्तही आता विकत मिळू लागले आहे. विमानाचे तिकीट काढताना किंवा सहलीची नोंदणी करताना सुजाण प्रवाशाला विनंती केली जाते की, आणखी थोडे पैसे भरा, तुमच्या प्रवासाने हवेत सोडलेला कार्बन कोठेतरी झाडे शोषून घेतील. या व्यवहाराला ‘कार्बन ऑफसेट’ असे भारदस्त नाव आहे. जुन्या भाषेत हे गोप्रदानच होय. पाप यजमानाचे, दक्षिणा मध्यस्थाची आणि गाय मात्र कोणाच्याच दृष्टीस पडत नाही!

हिशेब अगदी साधा आहे. नागपूरहून परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याला मोटारीने जाऊन यायचे, तर सुमारे साडेचारशे किलोमीटर प्रवास होतो. त्याला तीसेक लिटर पेट्रोल लागते. एका लिटरमागे २.३ किलो या प्रमाणात जवळजवळ ७० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. टनाला दहा डॉलर भाव धरला, तरी या पापाची किंमत साठेक रुपये! मोटारीतल्या चौघांच्या चहाभज्यांनाही याहून अधिक पैसे पडतील. एवढ्या स्वस्तात मिळणारी शुद्धी माणसाला सुधारत नाही, निर्ढावते.

शिवाय विकत घेतलेला माल खरा आहे, याची तरी हमी कोठे आहे? पेट्रोलचा धूर आजच हवेत जातो आणि त्याचा परिणाम शतकानुशतके टिकतो. रोपटे मात्र वाढायला दशके घेते, आणि मेळघाटातल्या एका उन्हाळ्याच्या वणव्यात त्याची राख होऊ शकते. ‘हे जंगल तुटणारच होते, आम्ही ते वाचवले’ असे कागदावर दाखवून तर न लावलेल्या झाडांचेही क्रेडिट विकले जाते. व्हेरा या बड्या प्रमाणन संस्थेने मान्य केलेल्या वर्षावनांच्या क्रेडिटांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बहुधा पोकळ असल्याचा निष्कर्ष जानेवारी २०२३ मध्ये युरोपातील वृत्तपत्रांच्या संयुक्त शोधातून निघाला. संस्थेने तो नाकारला. परंतु मार्च २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयानेही केएलएम या विमान कंपनीच्या पर्यावरणविषयक जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या.

प्रदूषण कमी करणारा प्रवास खरोखरच हवा असेल, तर त्याचे रूळ अचलपुरातच पडलेले आहेत. मूर्तिजापूर ते अचलपूर ही सुमारे ७६ किलोमीटरची अरुंद वाट वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे नेण्यासाठी टाकण्यात आली. १९५१ साली रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी या मार्गाची मालकी दीर्घकाळ इंग्रजांच्या काळातील खाजगी कंपनीकडेच राहिली. शकुंतला रेंगाळत चालायची, हे खरे. पण शेतमजूर, विद्यार्थी, भाजी विकणारी बाई यांना परवडणारे ते वाहन होते. आज ती गाडी बंद आहे. ब्रॉडगेजच्या घोषणा ऐकूनच अचलपूरकर थकले. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीहून मुंबईला विमान सुरू झाले. विमानाला धावपट्टी आणि गरिबाच्या गाडीला गंज, असा हा विकास! जी गाडी हजारोंचे इंधन वाचवू शकते ती बंद ठेवायची आणि विमानातल्या प्रवाशाला झाडाची पावती द्यायची, याला पर्यावरणनिष्ठा कोण म्हणेल?

आणि झाडे तरी कोण जगवतो? अचलपूर तालुक्यातील पायविहीर या गावाला वनहक्क कायद्यान्वये २०१२ साली सुमारे १९३ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. उजाड टेकडीवर ग्रामसभेने झाडे लावली, राखली. तिथली सीताफळे गावाने स्वतः विकली. २०१४ साली गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. हे जंगल कोणा प्रवाशाच्या अपराधी भावनेतून उगवलेले नाही. ते हक्कातून आणि श्रमातून उगवले. हीच टेकडी हक्क मिळण्यापूर्वी कोणा कंपनीच्या क्रेडिटसाठी नोंदली गेली असती, तर सीताफळ तोडणाऱ्यावर अतिक्रमणाचा ठपका आला असता. २०२३ च्या ग्रीन क्रेडिट नियमांनी अवनत वनजमीन अशा लागवडीसाठी खुली केली आहे. सरकारी कागद ज्या जमिनीला अवनत म्हणतो, तीच अनेकदा गावाची चराई असते, सरपण असते. ती धोक्यात आली आहे.

‘काहीच न करण्यापेक्षा हे बरे’ असा एक युक्तिवाद केला जातो. काही योजनांतून गावांना थोडे पैसे मिळतही असतील. परंतु जंगल राखणाऱ्याला मोबदला द्यायचा, तर तो त्याच्या हक्काचा म्हणून द्यावा. दुसऱ्याच्या धुराचा परवाना म्हणून नव्हे. कोरकूने डोंगर राखावा आणि त्याच्या राखणीवर शहराने निर्धास्त उडावे, ही जुन्या वेठीचीच नवी आवृत्ती आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. अचलपूरची रेल्वे पुन्हा धावली पाहिजे. परतवाड्याहून चिखलदऱ्याला पुरेशा एस.टी. गाड्या सुटल्या पाहिजेत. ग्रामसभेच्या संमतीवाचून एक एकरही क्रेडिटच्या बाजारात जाता कामा नये. सुजाण प्रवाशाला खरोखरच प्रायश्चित्त घ्यायचे असेल, तर त्याने साठ रुपयांची पावती फाडण्याऐवजी या मागण्यांच्या मागे उभे राहावे.