कॅमेऱ्याला तेल आवडते

मनीषनगरातील माझ्या दवाखान्यात हल्ली पुष्कळ रुग्ण जीभ दाखवण्याआधी मोबाईल पुढे करतात. ‘डॉक्टरसाहेब, हे खाल्लं तर चालते काय?’ पडद्यावर एखाद्या पदार्थाचा फोटो असतो. काचेच्या वाटीत ओट्स, वर किवीच्या चार चकत्या. नाहीतर ब्रोकोलीचे हिरवेगार तुरे. विचारणाऱ्याच्या घरी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी नेहमीची असते, पण तिचा फोटो त्याने कुठे पाहिलेला नसतो. त्यामुळे ती पथ्याला चालेल हे त्याच्या मनातही येत नाही. एका मधुमेही गृहस्थांनी तर मला स्वच्छ सांगितले, ‘साहेब, पथ्याचं जेवण आपल्याले परवडत नाही.’ ते ज्याला पथ्य म्हणत होते ते चित्रातले होते. स्वयंपाकघरातले त्यांना परवडतच होते.

भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, असा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मांडला गेला. तेव्हा जेवणाच्या फोटोंचा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे वाचकांनी म्हणू नये.

जुने अल्बम काढून पाहा. रिळात ३६ फोटो निघत आणि धुण्या-छापण्याचा खर्च वेगळा. नुसत्या भाजीवर कोणी फोटो वाया घालवीत नसे. फोटो निघे तो पंगतीचा, म्हणजे माणसांचा. पण त्या कृष्णधवल फोटोतही समोरची पळसाची पत्रावळ पूर्ण दिसते. डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या. मध्ये वरणभाताची मूद, कडेला द्रोण. डावी-उजवी बाजू ही नुसती शोभा नव्हती, त्यात मापही होते. तिखट, खारट, आंबट ते चिमूटभर डावीकडे आणि पोटभरीचे उजवीकडे. आमच्याकडच्या लग्नातल्या पंगती फार संयमाच्या होत्या असे मुळीच नाही. जिलेबीच्या पैजा मीही पाहिल्या आहेत. परंतु कोणी किती खाल्ले हे साऱ्या पंगतीला दिसे. पुढे बुफे आला आणि तो हिशेब बंद झाला.

पाककृतींच्या पुस्तकांचेही तसेच. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये निघाले आणि घरोघरी गेले ते फोटोंच्या बळावर नव्हे, तर वाटी-चमच्याच्या मापांमुळे. नव्या सुनेला किती घ्यायचे ते कळे. कसे दिसायला हवे, हे तिने आपल्या सासूच्या कढईत पाहावे! १९९३ पासून ‘खाना खजाना’ दूरचित्रवाणीवर सुरू झाला, मग मराठी वाहिन्यांवरही असे कार्यक्रम आले, आणि शेवटी सजवलेली प्लेट पडद्याजवळ आणून दाखवण्याची पद्धत पडली. इन्स्टाग्राम २०१० मध्ये आले. आता कॅमेरा इतका जवळ गेला की ताट चौकटीबाहेर राहिले आणि पदार्थ तेवढा उरला. त्या पदार्थाशेजारी दुसरे काय होते, तो एका माणसाचा होता की चौघांचा, हे फोटोवरून कळायला मार्ग नाही.

दुसरी गोष्ट चकाकीची. जाहिरातीचे छायाचित्रकार फळांवर ग्लिसरीनचे थेंब बसवतात, आइस्क्रीमच्या जागी बटाट्याचा लगदा ठेवतात, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीने सूपच्या वाडग्यात तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, म्हणजे भाज्यांचे तुकडे वर येऊन सूप दाट दिसावे. १९७० च्या सुमारास तिथल्या सरकारी आयोगाने ते थांबवायला लावले. पण गोट्या कोणी खाल्ल्या नाहीत. आपल्याकडे फोटोसाठी जे घालतात ते पोटात जाते. पदार्थ कोरडा असला की फोटोत निर्जीव दिसतो. वरून तेल, तूप, लोणी सोडले की प्रकाश चमकतो. कॅमेऱ्याला तेल आवडते! नागपूरकराला हे वेगळे सांगायला नको. आपल्या तर्री-पोह्यांचा फोटो पाहा. पोहे पिवळे, हरभरे काळपट, आणि सगळी शोभा त्या लाल तवंगाची. सावजी रश्श्याचेही तेच. तर्री मलाही आवडते, उगाच सोवळेपणा कशाला? पण फोटोसाठी ‘वरची’ तर्री मागून घेणारी मुले बेसा रोडवर दिसतात, आणि वरची म्हणजे निव्वळ तेल. पिठले-भाकरीचा फोटो मात्र कोणी काढत नाही. भाकर करडी दिसते आणि पिठल्याला आकार नाही.

नुसते पाहिल्याने काय होते, असे कोणी विचारील. अन्न दिसताच तोंडाला पाणी सुटते हे आपण जाणतोच. पचनक्रियेवरील कामासाठी पावलॉव्हला १९०४ मध्ये नोबेल मिळाले. घ्रेलिन नावाचे भुकेचे संप्रेरक १९९९ मध्ये सापडले. मोजक्या निरोगी तरुणांना खाद्यपदार्थांची चित्रे दाखवल्यावर रक्तातील घ्रेलिन वाढल्याचे जर्मन संशोधकांनी २०१२ मध्ये नोंदवले. अभ्यास छोटा होता, त्याचा डांगोरा पिटू नये. परंतु रात्री साडेदहाला अंथरुणात पडून पदार्थांची चित्रे पाहणाऱ्याला अकरा वाजता भूक का लागते, याचा उलगडा थोडा तरी होतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसभराच्या आहाराचे एक ताट आखून दिले आहे. निम्मे ताट भाज्या आणि फळांचे, उरलेल्यात धान्य, डाळी किंवा अंडी-मांस, दाणे, सोबत दूध-दही. दोन हजार कॅलरींच्या त्या आहारात तेल-तूप दिवसाला सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे साधारण सहा लहान चमचे. त्यात ब्रोकोलीवाचून काही अडत नाही. पालक, चवळी, दोडके, अंबाडी चालते, आणि पेरू चालतो.

मोबाईलवर माझा राग नाही. उलट त्याचा मला फार उपयोग होतो. ‘किती खाता?’ असे विचारले की प्रत्येकाचे उत्तर ‘दोनच पोळ्या’ असते. म्हणून आता मी मधुमेही आणि वजन वाढलेल्या रुग्णांना तीन दिवसांच्या जेवणाचे फोटो आणायला सांगतो. पूर्ण ताट, सरळ वरून, शेजारी एक चमचा ठेवून, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. पुन्हा वाढून घेतले तर पुन्हा फोटो. चहा-बिस्किटांचाही. सजवायचे नाही. तेल आणि मीठ फोटोत मोजता येत नाही, म्हणून महिन्याला तेलाची किती पाकिटे लागतात आणि घरात खाणारी माणसे किती, हे कागदावर लिहून आणायचे.

गेल्या उन्हाळ्यात एका आजींनी नातवाकडून असे फोटो काढून आणले. ताट आदर्श होते: एक भाकर, दोडक्याची भाजी, वरण, काकडी. साखर मात्र उतरत नव्हती. तिसऱ्या दिवसाच्या फोटोत कोपऱ्यात स्टीलच्या वाटीची कड तेवढी आली होती. मी विचारले, ‘आजी, ही वाटी कशाची?’ त्या नातवाकडे पाहून म्हणाल्या, ‘तुला म्हटलं होतं न, आमरस येऊ देऊ नको म्हणून.’